एक नंबरची बावीस घरं

आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी वेशीला तोरण एकच बांधतात, पण त्याखालून पहिल्या मानाच्या जोड्या दोन जातात. एक आमच्या घरची, दुसरी भूपेंद्रभाऊंच्या घरची. पहिला मान कोणाचा, हा वाद मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधीपासूनचा. मिटत नाही म्हटल्यावर पंचांनी तोडगा काढला, की दोन्ही जोड्या एकदमच सोडायच्या. वेस जेमतेम एका जोडीच्या रुंदीची. दरवर्षी चारही बैल तिथे अडकतात, शिंगांत शिंगं जातात, तोरण खाली येतं आणि बाकीच्या गावाची जनावरं मागे उन्हात ताटकळतात. तरी दोन्ही घरची माणसं छाती काढून घरी येतात आणि मांडे चोपतात, कारण आपण काही मागे राहिलो नाही! अशा माणसांच्या हातात राउटर दिला तर काय होईल, हे मी आधीच सांगितलं असतं. पण मला विचारतंय कोण?

मी चेतना, हिलालआप्पांची थोरली सून. धाकटी रोहिणी, म्हणजे माझा दीर ललित याची बायको. आमचं गाव प्रकाशा-शहादा रस्त्यापासून थोडं आत, ऊस-पपईचं. दोन वर्षांपूर्वी शहाद्याच्या जहीरने फायबरची वायर गावापर्यंत आणली आणि आमच्या आळीतल्या बावीस घरांनी मिळून एकच जोडणी घेतली. तिची कमिटी झाली आणि आप्पा अध्यक्ष झाले. इंटरनेट म्हणजे काय ते आप्पांना आजही नीट माहीत नाही, पण अध्यक्ष म्हणजे काय ते त्यांना जन्मापासून माहीत आहे.

रोहिणीचे वडील धडगावकडे आश्रमशाळेत शिक्षक होते, त्यामुळे तिला अहिराणीसारखीच सातपुड्यातल्या आदिवासींची पावरी बोलीही घरच्यासारखी येते. त्या जोरावर तिने घरबसल्या काम मिळवलं. एक संस्था आहे, तिथल्या बायकांच्या आजारांच्या डॉक्टर फोनवरून सल्ला देतात. डॉक्टर पुण्या-बंगळुरूच्या, पेशंट सातपुड्यातल्या नाहीतर आपल्याकडच्या, आणि दोघींच्या मध्ये नेटवरच्या लाइनवर तिसरी रोहिणी. बाई बोलेल ते डॉक्टरला हिंदीत सांगायचं, डॉक्टर बोलेल ते बाईला तिच्या बोलीत. दुपारभर ती माडीवरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. आमच्या घरात या कामाला फोनवर गप्पा मारणं म्हणतात.

पहिले सहा महिने ती कच्च्यावर होती. काम चोख, पण आवाज अडकायचा. एका दुपारी पाड्यावरच्या रिना नावाच्या पोरीचा फोन चालू होता. आठवा महिना. डॉक्टरांनी विचारलं, ताप आहे का? रिना म्हणाली, नाही. रोहिणीने तसं सांगितलं. पण खाली ललित कोणाच्या तरी साखरपुड्याचा अख्खा व्हिडिओ नेटवर चढवत बसला होता, आणि रोहिणीचं ‘नाही’ त्या व्हिडिओच्या मागे वायरीत उभं राहिलं. डॉक्टरांना घाई. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, बाळ हलतंय का? आणि नेमकं तेव्हा ते ‘नाही’ पोचलं. डॉक्टरांनी ताबडतोब रुग्णवाहिका धाडली. पोरीला डोंगरातून खाली आणलं, तपासलं, तर बाळ आत मजेत लाथा मारतंय.

घरी सगळे पोट धरून हसले. रोहिणी हसली नाही. मला म्हणाली, “वहिनी, उलटं झालं असतं तर? बाळ हलत नसतं, आणि आधीच्या प्रश्नाचं ‘हो’ उशिरा पोचलं असतं तर?” संस्थेने पहिली ताकीद दिली. आवाजाला उशीर होता कामा नये, तिसऱ्या ताकिदीला काम बंद.

आप्पांना त्याचं दुःख नव्हतं. काम सुटलं तर सून खाली स्वयंपाकघरात येईल, एवढाच त्यांचा हिशेब. पण आळीतल्या सगळ्यांचीच तक्रार होती, की नेट असून नसल्यासारखं आहे, म्हणून कमिटीने जहीरला बोलावलं. आमच्याच ओट्यावर बैठक झाली. चहा अर्थात मी केला.

जहीर म्हणाला, “आप्पा, लाइन कमी नही शे, रांग चुकेल शे. कारखानाना गेटवर ऊसना ट्रॅक्टर उभा ऱ्हातस ना? तेस्ना मांगे एखादा सायकलवाला अडकी जास. त्याले बाजूनी काढी दिधं ते ट्रॅक्टरले काय फरक पडस? बोलनं म्हंजे सायकल, पिक्चर म्हंजे ट्रॅक्टर. राउटरमा सेटिंग शे. सायकल पयले सोडानी, आनि गेट कधी पुरं भरू देवानं नही, जरासी जागा मोकळी ठेवानी. बस!”

इतकं सोपं सांगितलेलं मी आयुष्यात कमी ऐकलंय. शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. आप्पांनी मिशीवर हात फिरवला आणि विचारलं, “म्हंजे कोनले पयले सोडानं, ते आपलाच हातमा शे?”

“हा, आप्पा.”

झालं. सायकल गेली, ट्रॅक्टर गेला, कारखानाही गेला. राहिली फक्त रांग.

“मंग पयलं आमनं घर लाव,” आप्पा म्हणाले.

“कसं काय?” भूपेंद्रभाऊ उठून उभे राहिले. “मान आमना शे. पाटीलकी आमना आजापाईन शे.”

मग आजे निघाले, पणजे निघाले. कोणाच्या पणज्याने तापीच्या पुरात देवाची मूर्ती खांद्यावर घेऊन आणली होती, ते निघालं. दोघांचं भांडण पाहून तिसऱ्याला आठवलं, की होळीची लाकडं पहिली त्याच्या घरची पडतात. चौथ्याला आठवलं, की गावजेवणाचा नारळ त्याचा. ज्याच्या घरी नेट फक्त पाऊस पडेल का ते बघायला लागतं, तोही म्हणाला, आम्ही काय मागच्या दाराने आलो का? चहा तीनदा झाला. चौथ्यांदा मी साखर संपली म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे निर्णय झाला. बावीसही घरं एक नंबर!

जहीर माणूस वाईट नाही, पण ‘नाही’ हा शब्द त्याच्याकडे स्टॉकमध्ये नसतो. कोणी काही म्हणो, त्याचं उत्तर “व्हई जाई”. सगळे पहिले म्हणजे कोणीच पहिलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने तिथेच मोबाइल काढला आणि बावीस घरांपुढे बावीस वेळा एकचा आकडा घातला. प्रत्येक जण मान पुढे करून आपला आकडा पाहून गेला.

“आनि घरनं घरमा?” त्याने आप्पांना विचारलं. “मोबाइल तर घरोघर पाच-सहा शेतस.”

“जेवाले बठतस तशी रांग,” आप्पा म्हणाले.

हे मात्र सगळ्यांना एका झटक्यात पटलं, भूपेंद्रभाऊंनासुद्धा. आमच्याकडे आधी आप्पा जेवतात, मग आमचे हे आणि ललित, मग पोरं, मग सासूबाई, मग मी, मग रोहिणी. तिच्या वाट्याला भाजी उरली तर येते. आता इंटरनेटही उरलं तर येणार होतं. मला तेव्हा हातातली चहाची किटली ओट्यावर आपटावीशी वाटली होती, खरंच सांगते.

त्यानंतर नेट पहिल्यापेक्षा वाईट चालायला लागलं, पण तक्रार बंद झाली. तक्रार कोण करणार? एक नंबरच्या माणसाने तक्रार करायची म्हणजे आपण एक नंबर नाही हे कबूल करणं. भूपेंद्रभाऊंच्या टीव्हीवर पिक्चर अडकला तरी ते गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत ऐटीत बसायचे. आणि माडीवर रोहिणीचा आवाज तुटून तुटून दुसरी ताकीद आली.

ती वाचून रोहिणी अर्धा तास जिन्यात बसून राहिली. ललितला सांगितलं तर तो म्हणाला, आप्पांशी बोलतो. तो आप्पांशी बोललेला मी अजून पाहिलेला नाही. शेवटी तिने स्वतःच जहीरला फोन लावला. मी शेजारीच तांदूळ निवडत होते.

“जहीरभाऊ, बठ्ठा घरले एक नंबर दियेल शे ना, तो तसाच ऱ्हाऊ द्या. फक्त त्यामा बोलनं पयले सोडा. आमनं एकलं नही, बठ्ठास्नं.”

पलीकडे जहीरची गाळण उडालेली मला इथून ऐकू येत होती. आप्पांनी विचारलं तर काय सांगू, म्हणत होता.

“सांगा, आप्पा एक नंबर शेतस. त्यामा खोटं काय शे?”

“व्हई जाई,” जहीर म्हणाला. या बाईलाही त्याला नाही म्हणता आलं नाही, हे आमचं नशीब.

दुसऱ्या दिवसापासून रोहिणीचा आवाज समोर बसल्यासारखा स्वच्छ जायला लागला. नुकसान कोणाचंच झालं नाही. पिक्चर सुरू व्हायला पाणी पिऊन येण्याइतका वेळ जास्त लागायचा, एवढंच. पण उरलेलं सगळं सुरळीत झालं, आणि त्याचं श्रेय बावीस जणांनी घेतलं. भूपेंद्रभाऊ पानाच्या टपरीवर सांगायचे, एक नंबर मिळाला तेव्हापासून आपलं नेट कसं पळतंय बघा. आप्पा तेच दूध डेअरीवर सांगायचे. ऐकणारे मान डोलवायचे, कारण त्यांचाही नंबर एक होता.

आता नेटवरून फोन नीट लागतो म्हटल्यावर आळीतल्या बायकाही त्या डॉक्टरांना फोन करायला लागल्या. ही बातमी बायकांत कशी पसरली ते मला चांगलं माहीत आहे, कारण ती मीच पसरवली. पिठाच्या गिरणीवर, पपईच्या तोडणीत, बारशाला, जिथे गेले तिथे डॉक्टरांचा नंबर दिला. मी स्वतःही एकदा फोन केला होता. कशासाठी, ते तुम्हाला कशाला हवंय?

एका दुपारी मी अंगणात मिरच्या पसरत होते. आप्पा झोपलेले. कडब्याच्या खोलीचं दार आतून लावलेलं दिसलं, म्हणून मला नवल वाटलं. तेवढ्यात माडीच्या खिडकीतून रोहिणीचा आवाज आला, “कव्हयपाईन दुखी ऱ्हायनं, माय?” कधीपासून दुखतंय, हे विचारताना ती सगळ्याच पेशंटना माय म्हणते. आणि कडब्याच्या खोलीतून दबक्या आवाजात उत्तर आलं. आवाज सासूबाईंचा होता, जमनाबाईंचा!

माडीवर सून, कडब्यात सासू, मध्ये आमचं अंगण, आणि बोलणं चाललंय पुण्याच्या डॉक्टरला मध्ये घेऊन. एरवी मी हसून लोळले असते. पण सासूबाई जे बोलत होत्या ते कानावर पडलं आणि हसू आलं नाही. काय बोलल्या ते मी सांगणार नाही. रोहिणीने तर पुढे कधी शब्दही काढला नाही. एवढंच सांगते, की ललितच्या जन्मापासून ही बाई ते अंगावर काढत होती आणि घरात कोणाला बोलली नव्हती. कंबरेवर हात ठेवून आमच्यावर खेकसायची, आम्हाला वाटायचं स्वभावच आहे. मला रडू आलं, आणि या घराचा संतापही आला. मिरच्या तशाच टाकून मी आत गेले, म्हणजे त्यांना दार उघडून बाहेर येता यावं.

असे चार महिने सुखात गेले. मग क्रिकेटचा अंतिम सामना आला. शेवटच्या षटकात भूपेंद्रभाऊंच्या टीव्हीवर चकती फिरायला लागली, आणि ती थांबली तेव्हा फटाके वाजत होते. घरभर पाहुणे बसलेले. एक नंबरच्या घरी असं होतंच कसं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळीच शहाद्याला जहीरच्या दुकानात जाऊन बसले. चहा यायच्या आत जहीरने सगळं सांगून टाकलं. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कोणाच्या आधी काय जातं, सगळं.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक. या वेळी आप्पा आणि भूपेंद्रभाऊ एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. मी तर पहिल्यांदाच बघितलं. जे काम पंचांना जमलं नाही ते एका सुनेच्या आवाजाने केलं.

“मन्हा घरमा, मन्ही सून, मन्हा पयले?” आप्पांचा आवाज कापत होता. “गावले काय तोंड दखाडू?”

रोहिणी दारात उभी होती. डोक्यावर पदर, पण मान वर. “आप्पा, मी पुढे नाही. बोलणं पुढे आहे. तुम्ही बोललात तर तुमचंही पुढेच जातं. हे बदललं तर आठवड्याच्या आत माझं काम जाईल. आणि माझं काम गेलं तर पाड्यावरच्या त्या बायकांनी बोलायचं कोणाशी?”

चांगली शुद्ध मराठी बोलली बिचारी. ऑफिसात चालली असती. इथे तिच्या शब्दांकडे कोणी बघितलंही नाही. ललित मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. आमचे हे छताकडे बघत होते, जणू तिथे कोणी उत्तर लिहून ठेवलंय.

“बोलाले आमले असं लागस कितीसं?” भूपेंद्रभाऊ म्हणाले. “इतकं बोली कोन ऱ्हायनं?”

जहीरने मोबाइल पाहिला. त्याला गप्प राहता आलं असतं, पण तो जहीर. “दुपारना टाइमले बठ्ठाच घरमाईन बोलनं चालस, भाऊ.”

“मन्हा घरमाईन?”

“तुमना घरमाईन ते जास्तीच.”

दुपारी हे सगळे शेतात नाहीतर झोपलेले असतात. भूपेंद्रभाऊंनी रोहिणीकडे पाहिलं. “कोन बोलस मन्हा घरमाईन? काय बोलस?”

“ते मी सांगाव नही,” रोहिणी म्हणाली. या वेळी तिची शुद्ध मराठी गेली होती.

“जहीर,” आप्पा गरजले, “आतेनी आते बदल. जशी जेवानी रांग व्हती तशी.”

“व्हई जाई, आप्पा,” म्हणत जहीरने बोट मोबाइलवर ठेवलं. रोहिणीने दाराची चौकट धरली. तिचे डोळे भरले होते, आणि मी बाजूला नुसती कपांचा ट्रे घेऊन उभी होते.

तेव्हा सासूबाई आतून आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी ओट्यावर आल्याचं कोणालाच आठवत नाही. आल्या, आणि सरळ आप्पांच्या समोर, मधोमध बसल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, म्हणून खांबाकडे बघून बोलल्या.

“बदला. खुशाल बदला. मंग आमले डॉक्टर नही, ते आमी अठेच येसूत. रोज दुपारी ह्याच ओटावर बठसूत, आनि तुमलेच सांगसूत. काय दुखस, कोठे दुखस, कव्हयपाईन दुखस, बठ्ठं. आज पयला नंबर मन्हा. मान शे ना आमना घरना? मंग आयका.”

असं म्हणून त्यांनी मांडी नीट घातली आणि पदर सावरला, सुरुवातच करायच्या बेताने.

भिंतीपलीकडून आवाज आला, “जमना, मन्हा दुसरा नंबर धर वं.” ती रेवाबाई, भूपेंद्रभाऊंची आई. तिच्यामागे अजून कोणाकोणाच्या बांगड्या वाजल्या.

माणसांना इतकं घाबरलेलं मी पुरातही पाहिलं नाही. “ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे,” सगळ्यात आधी भूपेंद्रभाऊच म्हणाले. एकाला शेतातली मोटर चालू राहिल्याचं आठवलं, दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले. आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी घसा खाकरला आणि अध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, “जहीर, जसं शे तसं ऱ्हाऊ दे. कमिटीनं एकमतानं ठरायं.”

“व्हई जाई,” जहीर म्हणाला, आणि चहा न पिता मोटरसायकलला किक मारली.

ते सेटिंग आजतागायत तसंच आहे. रोहिणी पुढच्याच महिन्यात कामावर पक्की झाली, आणि त्याचे पेढे आप्पांनी स्वतः डेअरीवर वाटले.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं तर, ओटा बघता बघता रिकामा झाला. सासूबाई कंबरेवर हात ठेवून, ओठ आवळून उठल्या आणि इकडेतिकडे पडलेले कप गोळा करायला लागल्या. मी ट्रे पुढे केला. या बाईला दुखतं, हे तिने आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तिथे तिचा नवरा होता, पोटची दोन पोरं होती, अंगाखांद्यावर वाढवलेले पुतणे होते. तुला काय दुखतंय, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही.